खंयचो रे तू?

आमच्या गोव्यात, पेडण्याच्या बाजारात 'खंयचो आहे का दुकानात?' असं कुणी विचारलं तर बाहेरच्या माणसाला काही अर्थबोध होणार नाही. खंयचो म्हणजे कुठला. पण आमच्याकडे ते एका माणसाचं नाव होतं, अर्थात आम्हीच पाडलेलं, कारण हा माणूस जो भेटेल त्याला पहिल्यांदा हेच विचारायचा. गिऱ्हाइकाने पायरीवर पाय ठेवला न ठेवला तोच आतून आवाज यायचा, "खंयचो रे तू?" नव्या पोस्टमनला त्याने विचारलं. मतं मागायला आलेल्या एका उमेदवाराला विचारलं आणि तो आमच्या तालुक्यातलाच नाही हे त्यामुळे चारचौघांत उघड झालं. दुकानाच्या दारात येऊन झोपलेल्या कुत्र्याला विचारताना तर मी स्वतः पाहिलंय. आणि लॅपटॉप उघडून, डोळ्याला भिंग लावून, कणीएवढ्या एखाद्या तुकड्याला चिमट्याने टोचत तो हेच विचारायचा. त्याच आवाजात, त्याच संशयाने.

तोंडावर आम्ही त्याला मेस्त म्हणायचो. आमच्याकडे सुतार, गवंडी, वीजवाला, हाताने काम करणारा कुणीही मेस्तच असतो, त्यामुळे नावाची अडचण येत नाही. दुकानाच्या पाटीवर 'लॅपटॉप, कॉम्प्युटर दुरुस्ती' एवढंच लिहिलं होतं. फोनवरून पैसे पाठवले तर पलीकडे त्याच्या बायकोचं नाव उमटायचं. बायको त्याला 'ओ' म्हणायची. सगळं सुरळीत चाललं होतं.

तो मूळचा चंदगडकडचा, म्हणजे घाट चढून पलीकडे गेलं की जो मुलूख लागतो तिथला. तरुणपणी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागला. पट्ट्यावरून इलेक्ट्रॉनिक सामानाचे हिरवे बोर्ड पुढे सरकत यायचे, त्यांच्याकडे भिंगातून बघत बसायचं आणि एखादा तुकडा वाकडा बसलेला दिसला की तो बोर्ड बाजूला काढायचा, हे त्याचं काम. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचं वाकडं शोधल्यावर माणसाचा स्वभाव जसा होईल तसा त्याचा झाला होता. पुढे कारखान्यात माणसं कमी केली तेव्हा त्याने बाजारात एक चिंचोळी जागा भाड्याने घेतली आणि टेबल टाकलं.

हा 'खंयचो' त्याला चिकटला कसा, ते त्याने मला एकदा सांगितलं होतं. पहिल्या दिवशी कारखान्याच्या फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, खंयचो रे तू? खोली देणाऱ्या बाईने विचारलं. सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पोदेराने विचारलं. देवळात गेला तर तिथे भटजींनी तीर्थ हातावर घालता घालता विचारलं. "मला वाटलं, हितं राम राम असाच घालत्यात," तो म्हणाला. म्हणून तोही घालायला लागला. तो प्रश्न आहे हे कळेपर्यंत सवय लागून गेली होती. आमची कोंकणी त्याला तेवढीच नीट जमली. एक वाक्य अस्सल पेडण्याचं, आणि ते संपलं की पुढे सगळं चंदगड.

दुपारी जेवून झोपणं हा आमच्याकडे जवळजवळ धर्म आहे. बाजार दुपारी मिटतो तो उन्हं कलल्यावरच उघडतो. हा मात्र दुकान उघडं ठेवून बसायचा. सुरुवातीला लोकांना वाटलं, बिचाऱ्याला कुणी सांगितलं नसेल. मग शेजारच्या किराणावाल्याने जाऊन समजावलं. खंयच्याने ऐकून घेतलं, त्याला चहा पाजला आणि दुकान उघडंच ठेवलं. एका हातात डाक लावायची, म्हणजे सोल्डरिंगची कांडी, दुसऱ्या हातात चहात बुडवलेला उंडो, म्हणजे आमचा गोल कडक पाव, असा तो बसलेला असायचा. त्या टेबलावर पावाचा चुरा आणि बोर्डांचे सुटे तुकडे यांत फरक फक्त त्यालाच कळायचा, आणि तोही दर वेळी कळत असेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

त्याची दुरुस्तीची पद्धत म्हणजे चौकशी. बोर्डावरचे तुकडे इतके बारीक असतात की बऱ्याच जणांच्या अंगावर काही लिहिलेलंच नसतं, आणि असलं तरी ते आपल्याला सांगत काही नाही. इतर दुकानांतली मुलं अशा वेळी मोबाईलवर फोटो शोधत बसायची. खंयचो त्या तुकड्याच्या आजूबाजूला बघायचा. ह्याच्या उजवीकडे कोण राहतं, डावीकडे कोण, ह्याचं जाणंयेणं कुणाकडे, वीज ह्याच्याकडे येते कुठून आणि जाते कुठे. मीटरच्या दोन सुया घेऊन तो घरोघर हिंडल्यासारखा हिंडायचा. "नावावर जाऊ नगंस," असं त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "नाव काय, कुणीबी कायबी लावतंय. शेजार बघ." कपाटात मेलेल्या बोर्डांची चळत होती, त्यांना तो सोयरे म्हणायचा. एखादा तुकडा ओळखू येईना झाला की त्याच जातीचा दुसरा बोर्ड काढायचा, त्याच जागी कोण बसलंय ते बघायचा, आणि मग ओळख पटवायचा.

माणसांच्या बाबतीतही हेच. पेडण्यात कुणाची मावशी कुणाच्या घरात दिलीय हे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. चवथीला लोकांच्या घरी गणपती बघायला गेला की मूर्तीला हात जोडायच्या आधी वर बघायचा. आमच्याकडे गणपतीच्या वर माटोळी बांधतात, रानातली फळं, फुलं, वेली ओळीने टांगून. त्यातलं प्रत्येक फळ कुठल्या डोंगरावरून आणलं हे तो घरमालकाला विचारत सुटायचा. निम्म्या घरांत माटोळी बाजारातून विकत आणलेली असायची. लोक त्याला चवथीचं बोलावणं जरा बिचकतच करायचे.

आता माझ्या लॅपटॉपचं सांगतो. त्याशिवाय ह्या माणसाबद्दल काही सांगितल्यासारखं होणार नाही.

आमच्या गावच्या जत्रेला देवळाच्या मांडावर नाटक होतं. गावची माणसंच करतात, गावची माणसंच बघतात, आणि नंतर वर्षभर गावची माणसंच नावं ठेवतात. संगीत नाटक असतं. पेटी वाजवायचा मान दादांचा. दादा म्हणजे गावातले वडीलधारे, माझे कुणी सख्खे नव्हेत, पण मला पहिली बाराखडी आणि पहिली थप्पड दोन्ही त्यांनीच दिली. आमच्या नाटकाला बाहेरचा नट कधी लागला नाही आणि बाहेरचा पेटीवाला तर नाहीच. त्या साली तालमीला रोज चढण चढणं दादांना जमेना, म्हणून त्यांनी सगळ्या पदांची साथ एकदाच बसून वाजवून माझ्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवली. त्यानंतर महिनाभरात त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं वाचलं, डावी बाजू वाचली, उजवा हात गेला. मी भेटायला गेलो तेव्हा ते खाटेवर बसले होते. त्यांनी डाव्या हाताने उजवा उचलून मांडीवर नीट ठेवला आणि म्हणाले, "माझो हात आता तुजेकडे आसा. सांबाळ."

मी सांभाळला तो असा, की जत्रा आठवड्यावर आली असताना लॅपटॉप सुरू होईना. ती साथ पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायची असं आम्ही नाटकाच्या कमिटीच्या प्रत्येक बैठकीत एकमताने ठरवलं होतं.

तेव्हा मी वाळपईच्या एका कचेरीत कारकून होतो, बदली झालेली, रोज पेडण्याहून एवढं लांब जाऊन येऊन. कचेरीजवळच्या दुकानात लॅपटॉप दाखवला. तिथल्या माणसाने तो उघडला, बंद केला आणि म्हणाला, बोर्ड गेला, नवीन घ्या. आतलं सगळं? ते विसरा. पूर्वी लॅपटॉप मेला तरी आतली डिस्क काढून घेता यायची. हल्लीच्या पातळ लॅपटॉपांत साठवणीची चिप बोर्डावरच डाक लावून बसवलेली असते. बोर्ड जगला तर ती जगणार. कमिटीने त्याच दिवशी पेटीच्या जागी कीबोर्ड वाजवायला म्हापशाच्या एका वादकाशी बोलणं केलं. ही बातमी दादांच्या कानावर घालायचं काम माझ्याकडे आलं, कारण वाईट कामाला माझंच नाव पहिलं सुचतं. दादा रागावले नाहीत. "हाडा भायलो," म्हणाले, म्हणजे आणा बाहेरचा. "हांव घरा बसतां." आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. जत्रेच्या रात्री दादा घरी बसलेले, हे आमच्या गावात कुणी बघितलेलं नव्हतं. मला तर जेवण गोड लागेना.

रजा टाकली आणि भर दुपारी खंयच्याच्या दुकानात गेलो. त्याने आधी मला विचारलं, खंयचो रे तू. आमची कित्येक वर्षांची ओळख. मी गाव सांगितला. मग त्याने लॅपटॉपकडे बघून विचारलं, "आणि ह्यो?" मी सांगितलं, सुर्ल्याचा. माझा मेव्हणा तिथे खनिजाच्या ट्रकांच्या ऑफिसात होता, खाणी बंद झाल्यावर त्याने हा मला देऊन टाकला. खंयच्याने मान हलवली. सुर्ल्याची लाल माती आत असणार हे त्याला तिथेच कळलं, आणि उघडल्यावर ती होतीच.

बोर्डावर चार्जरची वायर जिथे आत शिरते तिथून जवळच एक तुकडा होता. पांढरा, कणीएवढा, अंगावर एक अक्षर नाही. खंयच्याने भिंग लावलं आणि त्याला विचारलं. तुकड्याने अर्थातच उत्तर दिलं नाही. मीटरची सुई इकडे लावली, तिकडे लावली, ह्या टोकाची वीज त्या टोकाला पोचत नव्हती. असे तुकडे बोर्डावर पुष्कळ असतात, त्यांचं कामच ते असतं, तेव्हा त्यावरूनही काही ठरेना. त्याने शेजार बघितला. शेजारी सगळे काळे किंवा तपकिरी, ओळीत, सरळ. हा एकटा पांढरा, जरा तिरका. "ह्येचं लक्षाण बरं न्हाई," तो म्हणाला, आणि मला मेव्हण्याला फोन लावायला लावला. लॅपटॉप कधी उघडलाय काय? मेव्हण्याने देवाशपथ सांगितलं की कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही.

त्या जातीचा बोर्ड कपाटात निघेना. डिचोलीला त्याचा कारखान्यातला एक जुना सोबती असंच दुकान चालवायचा, त्याच्याकडे एक मेलेला पडून होता. दुसऱ्या दिवशी तो बसच्या कंडक्टरबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळून आला. खंयच्याने दोन्ही बोर्ड शेजारी शेजारी ठेवले. सोयऱ्याच्या बोर्डावर त्या जागी काहीच नव्हतं. डाक लावायच्या दोन चकचकीत टिकल्या तेवढ्या होत्या, मधली जागा रिकामी. कारखान्यातून निघताना रिकामीच ठेवलेली.

खंयच्याने भिंग कपाळावर सरकवलं. एखाद्याच्या वंशावळीत खोट सापडल्यावर माणसाला जो आनंद होतो तो त्याच्या चेहऱ्यावर होता. "ह्यो घरातला न्हवं," तो म्हणाला. "भाईरचा हाय. कुणीतरी आणून बसिवलाय." म्हणून सगळा बिघाड. मीही मान डोलावली, मला तर ते एकदम पटलं. बाहेरचा आत घुसला की काय होतं हे मी गेले चार दिवस कमिटीत ऐकतच होतो. त्याने कांडी तापवली, दोन्ही टोकांवर टेकवली, चिमट्याने तुकडा उचलला आणि नाकावरची माशी उडवावी तसा टेबलाच्या पलीकडे उडवून दिला. मग रुबाबात चार्जर लावला.

लॅपटॉप मेलेला तो मेलेलाच.

त्याने वायर काढून परत लावली. मग दुसरा चार्जर लावला. मग बराच वेळ तो काही बोललाच नाही, आणि खंयचो गप्प बसलाय ही पेडण्यात बातमी झाली असती, पण दुपार असल्यामुळे बाजार झोपला होता. उरलेला उंडो चहात पडून विरघळला तरी त्याचं लक्ष नव्हतं. शेवटी तो माझ्याकडे न बघता, बोर्डालाच विचारल्यासारखं म्हणाला, "इतकं दिवस चालत व्हता न्हवं ह्यो? मग कशावर चालत व्हता?"

त्याने पुन्हा भिंग लावलं आणि ह्या वेळी सोयऱ्याच्या बोर्डावर वीज आत कुठून येते ती वाट धरून निघाला. त्या बोर्डावर ती एका स्क्रूच्या भोकाला वळसा घालून पुढे जात होती. माझ्या बोर्डावर त्याच वळणावर लाल माती साचली होती, आणि ती खरवडल्यावर खाली हिरवा गंज. मूळ वाट केव्हाच खाऊन तुटली होती. म्हणजे कुणीतरी शहाण्याने ती तुटलेली वाट सोडून, त्या रिकाम्या जागी तो पांढरा तुकडा बसवून वीज पलीकडे नेली होती. अख्खं घर त्याच्यावर चाललं होतं. सुर्ल्यापासून माझ्यापर्यंत, दादांच्या सगळ्या पदांसकट. मी मेव्हण्याला पुन्हा फोन लावला. आता तो म्हणाला, तसा एकदा उघडला होता, साखळी गावच्या एका माणसाकडे, पण तुझ्या बहिणीला सांगू नकोस.

मी म्हटलं, मग त्या जागी एक तारेचा तुकडा लाव आणि मोकळा हो. खंयच्याने माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्ची मागे सरकवली. तो तुकडा साधा पूल नव्हता, फ्यूज होता, हे त्याला आता दिसत होतं. त्याच्या शेजारचा एक तपकिरी तुकडा आतल्या आत जळून वीज जमिनीत सोडत होता. त्याने बोर्डावर स्पिरिट ओतून, बाहेरून जराशी वीज सोडून ते पाहिलं, तो एकटाच तापला आणि त्याच्या अंगावरचं स्पिरिट लगेच वाळलं. शेजारी बिघडला तेव्हा ह्या पांढऱ्याने स्वतः तुटून पुढचं सगळं वाचवलं होतं. "तार लावली तर आज चालंल," खंयचो म्हणाला. "पर पुढच्या बारीला ही तार मराची न्हाई. घर जळंल, दादांच्या हातासंगट." तेव्हा फ्यूजच हवा, आणि तोही त्याच ताकदीचा. ताकद किती, ते ज्याला ठाऊक होतं त्याला आम्ही नुकतंच टेबलावरून उडवून दिलं होतं.

मग जे झालं ते मी घरी सांगितलं नाही. आम्ही दोघं जमिनीवर बसलो. आधी केरसुणीने हळूच झाडलं, मग सगळा केर वर्तमानपत्रावर घेतला. किराणावाल्याची झोप मोडून त्याच्याकडून रव्याची चाळणी आणली. आम्ही केर चाळतोय हे बघून तो तिथेच उभा राहिला. काय हरवलंय, सोनं? मी म्हटलं, फ्यूज. केवढा? मी बोटाने दाखवलं. तो परत जाऊन झोपला. केरात पावाचा चुरा निघाला, स्क्रू निघाले, मुंग्या निघाल्या. प्रत्येक पांढऱ्या कणाला खंयचो भिंगाखाली घ्यायचा आणि विचारायचा, आणि प्रत्येक वेळी तो कण उंड्याचा निघायचा. कपाळावरचा घाम तो हाताने पुसत होता. "म्या उडिवला," एवढंच तो मधून मधून म्हणायचा. "न विचारता उडिवला." मी म्हटलं, विचारलं होतं की. त्यावर तो म्हणाला, "गाव इचारला. काम न्हाई इचारलं."

शेवटी सापडला तो माझ्या चपलेच्या तळाला, रस्त्यावरून आणलेल्या शेणाच्या शेजारी. धुऊन, पुसून त्याने तो भिंगाखाली ठेवला आणि नुसता बघत राहिला. मग भिंग माझ्या डोळ्याला लावलं. पांढऱ्या अंगावर स्वच्छ काळं अक्षर होतं. साखळीच्या माणसाने तुकडा बसवताना उलटा बसवला होता, अक्षर बोर्डाकडे. नाव पहिल्यापासून त्याच्या अंगावरच होतं, आम्ही वरून बघत होतो म्हणून दिसलं नाही. त्या अक्षरावरून ताकद कळली. खंयच्याने चळतीतल्या एका सोयऱ्यावरून तेच अक्षर असलेला फ्यूज काढला, जळका शेजारीही बदलला, आणि नवा फ्यूज बसवताना अक्षर वर येईल असा बसवला. गरज नव्हती, उलटाही चालला असता.

चार्जर लावला आणि पडदा उजळला. मी पहिलं पद लावलं. दादांच्या पेटीचे सूर त्या चिंचोळ्या दुकानातून भर दुपारी झोपलेल्या बाजारात गेले. समोरच्या माडीवरून कुणीतरी शिवी दिली. मी रडत होतो हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. खंयच्याने उंडो पुन्हा चहात बुडवला, ह्या वेळी वेळेवर बाहेर काढला, आणि म्हणाला की आता तरी पेनड्राइव्हवर घ्या.

जत्रेला दादा आले. चौघांनी खुर्चीसकट उचलून आणले. नाटकाआधी मांडावर गाऱ्हाणं घालायचं असतं, देवाला सगळं नीट पार पाड म्हणून सांगायचं, आणि आमच्या मंडळाचं गाऱ्हाणं दादाच घालतात. तिन्हीसांज झाली होती, समया लागल्या होत्या. दादांनी डाव्या हातात माईक धरून सुरू केलं. सालाबादप्रमाणे लेकरांनी नाटक मांडलंय, ते गोड मानून घे म्हाराजा. व्हय म्हाराजा, असं आम्ही म्हटलं. नटांना, वाजवणाऱ्यांना, पडदा ओढणाऱ्यांना संभाळ म्हाराजा. व्हय म्हाराजा. "आनी ज्या मेस्तान माझो हात माका परत दिलो," दादा म्हणाले, आणि थांबले.

गाऱ्हाण्यात नाव घ्यावं लागतं. देवाला मेस्त म्हणून कसं चालेल, मेस्त गावात पुष्कळ. दादांनी माझ्याकडे बघितलं. मी कमिटीच्या अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी त्यांच्या मागे बघितलं, जिथे कुणीच नव्हतं. माईक चालूच होता आणि त्यातून समईच्या वातीची तडतड तेवढी ऐकू येत होती. खंयचो विंगेत माझ्या लॅपटॉपजवळ बसला होता, राखण करायला. दादांनी मान वळवून त्यालाच विचारलं, "मेस्ता, तुजें नांव कितें रे?"

"चंदगडचा," तो म्हणाला.

सवयीने म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला एकच प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचं त्याच्याकडे एकच उत्तर तयार होतं. कुणी हसलं नाही. दादांनी पुन्हा विचारलं, सावकाश. गाव न्हय रे, नाव. खंयचो उभा राहिला. कमरेवरची धूळ झटकली. गावासमोर पहिल्यांदाच उभा राहून काही बोलत असल्यासारखा तो उभा होता, आणि तसंच होतं ते.

"परशराम," तो म्हणाला.

आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं की परशुरामाने बाण मारून समुद्र मागे सारला आणि ही जमीन वर आली. "परशराम," दादा म्हणाले. "म्हणजे आमीच मागीर आयिल्ले." मागाहून आलेले आम्हीच. मग समयांकडे वळले आणि त्याचं नाव, जसं त्याने सांगितलं तसंच, देवाला सांगितलं. व्हय म्हाराजा. मला वाटतं त्या वेळचा 'व्हय' आमच्या आवाक्यापेक्षा जरा मोठा निघाला. नाटक नेहमीसारखंच झालं, राजा दुसऱ्या अंकात वाक्य विसरला.

त्यानंतर त्याला तोंडावर परशराम म्हणायचं असं बाजारात ठरलं. बरेच दिवस कुणाला जमलं नाही. त्याचं मात्र 'खंयचो रे तू' तसंच चालू राहिलं, फक्त त्याच्या जोडीला आता 'आणि करतोस काय?' आलं, त्यामुळे गिऱ्हाइकांचा वेळ दुप्पट जायला लागला. पुढे चंदगडला त्याचा थोरला भाऊ वारला. म्हातारी आई एकटी, काजूची बाग बघायला कुणी नाही. दुकान आवरून एका टेम्पोत टेबल, कपाट आणि सोयऱ्यांची चळत घालून तो गेला. निघताना मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, पोचलास की फोन कर. तो म्हणाला, करतो. मग टेम्पो सुरू झाल्यावर खिडकीतून हात काढून किराणावाल्याची चाळणी परत दिली.

फोन करतो तो मधून मधून. तिथेही दुकान टाकलंय. दुपारी बंद ठेवतो, म्हणाला, झोपायची सवय लागलीय. गावात त्याला कुणी परशराम म्हणत नाही. तो बोलायला लागला की लोक एकमेकांकडे बघतात आणि विचारतात, कुठला हा? "हितं मला गोव्याचा म्हणत्यात," हे त्याने मला अगदी तक्रारीच्या सुरात सांगितलं. पण फोन ठेवला नाही, पेडण्यात कोण कसं आहे ते सगळं घरवार विचारून घेतलं.

यंदाच्या जत्रेलाही दादांनीच गाऱ्हाणं घातलं. आवाज बराच बारीक झालाय. गाऱ्हाण्याच्या शेवटी, गाव सोडून लांब गेलेल्या आपल्या लेकरांचं नाव घ्यायचा रिवाज आहे. आमची पोरं पोटापाण्यासाठी कुठे कुठे असतात, तेवढ्यापुरती त्यांच्या आया पदर डोळ्यांना लावतात. दादांनी एकेक नाव घेतलं. कोण दुबयत आसा, कोण बोटीर आसा, कोण विलायतेंत आसा. मग श्वास घेतला आणि म्हणाले, "आनी आमचो परशराम चंदगडाक आसा. त्या सगळ्यांक सांबाळ, आनी सुखरूप घरा हाड, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.